लेक लनिअरवर नऊ महिने: घरी बांधलेल्या बकटेल जिगचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनपर्यंत, म्हणजे जवळपास नऊ महिने, मी जॉर्जिया राज्यातल्या लेक लनिअर या जलाशयात स्ट्राइप्ड बास हा मासा धरण्यासाठी फक्त केसांच्या जिग वापरल्या. पहिल्या सहा विकतच्या होत्या. त्यानंतरच्या सगळ्या मी घरी, जेवणाच्या टेबलाच्या कडेला व्हाइस (गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा) लावून, स्वतः बांधल्या. जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेले शिशाचे डोके आणि त्यामागे बांधलेला केसांचा झुबका. या केसांत सर्वाधिक वापर होतो तो पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचा, आणि म्हणून इथले लोक या जिगला बकटेल (बक म्हणजे नर हरण, टेल म्हणजे शेपूट) म्हणतात. मराठीत या विषयावर वाचायला फारसे काही मिळत नाही, आणि अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या दोन-तीन मराठी मित्रांनी मला या जिगबद्दल वारंवार विचारले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: घरी जिग बांधण्याचा खरा लाभ रंगात किंवा पैशांच्या बचतीत नाही, तर केस किती घालायचे हे आपल्या हातात येते यात आहे, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला वाटते त्याच्या निम्म्याने घालावे लागतात.

हे असे का, हे समजण्यासाठी या तळ्यातला मासा आणि त्याचे खाद्य समजून घ्यावे लागते. लनिअर हे नैसर्गिक तळे नव्हे. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण १९५६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ३८,००० एकरांचा हा जलाशय तयार झाला. स्ट्राइप्ड बास मूळचा अटलांटिक किनाऱ्यावरचा. समुद्रात वाढणारा आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा. तो गोड्या पाण्यात संपूर्ण आयुष्य काढू शकतो हे लोकांना समजले ते दक्षिण कॅरोलायनातल्या सँटी-कूपर जलाशयांमुळे: १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली धरणे बंद झाली, काही मासे आत अडकले आणि वाढत राहिले. त्याची अंडी साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात, नाहीतर तळाशी बसून मरतात. लनिअरच्या वरच्या नद्यांना तेवढी लांबी नाही, म्हणून राज्याचा मत्स्यविभाग इथे दरवर्षी बोटभर पिल्ले सोडतो. हा मासा इथे मुख्यतः ब्लूबॅक हेरिंग आणि थ्रेडफिन शॅड या दोन लहान माशांवर जगतो. हेरिंग अंगाने सडपातळ असतो, बाजूने पाहिले तर पेन्सिलीसारखा. केसांचा जाड, फुगीर झुबका पाण्यात ओढला की तो हेरिंगसारखा अजिबात दिसत नाही, आणि माझ्या पहिल्या महिन्यातल्या अपयशाचे मूळ बहुधा इथेच होते.

विकतच्या जिग दुकानात सुंदर दिसतात, कारण त्यांच्यात केस भरपूर असतात. ग्राहकाला भरगच्च झुबका पाहून पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, हे मी समजू शकतो, कारण मीही तसाच विचार करून त्या घेतल्या. नोव्हेंबरमध्ये मी स्वतः बांधायला बसलो तेव्हा त्यांचीच नक्कल केली. त्या जिग पाण्यात टाकल्या की केस हवा धरून ठेवत, जिग रेंगाळत खाली जाई, आणि मासे पंचवीस फुटांवर असताना माझी जिग बारा फुटांवरच फिरत राही. एका शनिवारी मी मरीनाच्या, म्हणजे होड्या ठेवण्याच्या तळाच्या, धक्क्यावर, जिथे पाणी वीस फूट खोल आहे, दोन जिग घेऊन बसलो. डोके दोघींचे सारखेच, अर्ध्या औंसाचे, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचे. दाट केसांच्या जिगला तळ गाठायला सतरा सेकंद लागले आणि विरळ केसांच्या जिगला अकरा. मी दहा वेळा मोजले आणि दहाही वेळा एखाद-दुसऱ्या सेकंदाच्या फरकाने हेच उत्तर आले. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवी जिग पहिल्यांदा माशासाठी नव्हे, तर घड्याळ लावून सोडतो, आणि डोक्यावर कायम शाईने तिचा वेग लिहून ठेवतो.

केसांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त शिकायला इथेच मिळाले. हरणाची शेपूट एकच असली तरी तिच्यातले केस एकसारखे नसतात. शेपटीच्या बुडाशी, म्हणजे जिथे ती शरीराला जोडलेली असते त्या बाजूला, केस जाडसर आणि पोकळ असतात. दोऱ्याचा वेढा आवळला की ते लगेच फुलून उभे राहतात. शेपटीच्या टोकाकडचे केस बारीक, कमी पोकळ आणि किंचित लहरी असतात. ते दोऱ्याखाली शांतपणे पडून राहतात आणि पाण्यात हलक्याशा ओढीनेही हलतात. स्ट्रायपरच्या (म्हणजे स्ट्राइप्ड बासच्या) जिगसाठी मी आता टोकाकडचा दोन तृतीयांश भागच वापरतो. बुडाचे केस टाकून देत नाही. उन्हाळ्यात ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्यासाठी, मोठ्या जिग लागतात, तिथे थोडी फुगवट चालते, म्हणून ते वेगळ्या पिशवीत ठेवतो. शेपूट विकत घेताना मी केस उलट्या दिशेने बोटांनी चाळून पाहतो: टोकाकडचे केस चार इंचांपेक्षा लांब असतील आणि कातडी कडक व तेलकट नसेल तरच घेतो. रंगवलेल्या शेपट्यांच्या बाबतीत एक तक्रार नोंदवावीशी वाटते. एका दुकानातून मागवलेली पिवळसर हिरवी शेपूट मी तशीच वापरली आणि पहिल्याच फेरीत तिचा रंग सुटून शेजारचे पांढरे केस डागाळले. तेव्हापासून रंगीत शेपूट आणली की आधी कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भिजवतो, पाणी निवळ येईपर्यंत धुतो आणि सावलीत दोन दिवस वाळवतो.

बांधण्याची माझी आताची पद्धत अशी आहे. व्हाइसमध्ये गळ घट्ट पकडून डोक्यामागच्या मानेवर चपटा, मेण लावलेला २१० डेनिअरचा (डेनिअर हे दोऱ्याच्या जाडीचे माप) नायलॉन दोरा वेढ्याला वेढा लागून गुंडाळतो आणि त्यावर पातळ सुपरग्लूचा एक थेंब देतो, म्हणजे पुढे केस मानेभोवती फिरत नाहीत. शेपटीतून आगकाडीएवढ्या जाडीची बट कातडीलगत कापतो, टोके चिमटीत धरून बुडाशी असलेले आखूड आणि लोकरीसारखे केस बारीक कंगव्याने काढून टाकतो. टोके एका रेषेत आणण्याचा मोह होतो, पण ती मुद्दाम मागेपुढेच ठेवावीत, नाहीतर जिगचे शेपूट रंगाच्या कुंचल्यासारखे चौकोनी दिसते. बट मानेवर ठेवून आधी दोन सैल वेढे घेतो आणि मग दोरा सरळ खाली ओढून आवळतो; पहिलाच वेढा जोराने आवळला की केस मानेभोवती घसरतात. अशा बटा वर दोन, खाली दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक, एवढ्यात काम होते. पूर्वी मी दहा-बारा बटा घालत असे. दोन्ही बाजूंना चकाकणाऱ्या तंतूचे दोन-दोन धागे केसांपेक्षा थोडे आखूड कापून घालतो, शेवटची गाठ दोनदा मारतो आणि दोऱ्यावर दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ थर देऊन जिग रात्रभर वाळायला ठेवतो. पहिली जिग बांधायला मला चाळीस मिनिटे लागली होती. आता दहा-बारा मिनिटांत होते. तयार जिग उजेडासमोर धरली तर केसांतून गळाची दांडी स्पष्ट दिसायला हवी, ही माझी कसोटी आहे. दिसली नाही, तर मी पात्याने दोरा कापून पुन्हा बांधतो.

शिसे वितळवण्याच्या वाटेला मी गेलो नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यात ओतण्याचे काम लोक गॅरेजमध्ये करतातही, पण माझ्या घरात लहान मूल आहे, म्हणून मी ओतलेली, रंग न दिलेली डोकी विकत आणतो आणि ती हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. रंगासाठी पावडर पेंट वापरतो. डोके गरम हवेच्या बंदुकीने तापवून पावडरीत क्षणभर बुडवले की रंग चिकटून चकचकीत होतो. त्यानंतर १७५ अंशांच्या आसपास वीस मिनिटे भाजावे लागते. त्यासाठी जुना टोस्टर ओव्हन वेगळा ठेवला आहे आणि तो अन्नासाठी पुन्हा कधीही वापरायचा नाही हे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. हा रंग खडकांवर आपटूनही महिनोन् महिने टिकला, आणि त्याआधी वापरलेला नेलपेंटसारखा द्रव रंग दोन फेऱ्यांत उडत होता, त्यामुळे हा खटाटोप मला पूर्णपणे सार्थ वाटतो.

गळाच्या बाबतीत मात्र मी एकदा फसलो. एका विक्रेत्याकडून पंचवीस डोकी फार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आणि जानेवारीत एका मोठ्या माशाने त्यातला गळ सरळ करून टाकला. जिग परत आली तेव्हा गळाचे तोंड उघडलेले होते. उरलेली डोकी मी घरी पक्कडीने वाकवून पाहिली तेव्हा ती फारसा जोर न लावताच वाकली. एवढी मेहनत करून केस बांधायचे आणि पायाच मऊ निघायचा, याचे मला खरोखर वाईट वाटले. आता मी नव्या पाकिटातला एक गळ आधी पक्कडीत धरून तपासतो आणि मगच त्या डोक्यांवर केस बांधतो.

आता पाण्यावरच्या अनुभवाकडे येतो. मी बहुतेक वेळा एका सहकाऱ्याच्या सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीतून आणि काही वेळा कमिंगजवळच्या उद्यानांतल्या खडकाळ टोकांवरून गळ टाकतो. दांडी सात फुटांची, मध्यम ताकदीची. दोरा वीस पौंड ताण सोसणारा, वेणीचा आणि त्याला पुढे पंधरा पौंडांचा पाच-सहा फूट फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा. जिगला मी सैल फासाची गाठ मारतो, कारण आवळून मारलेल्या गाठीमुळे हलकी जिग ताठ राहते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा बकटेलचा खरा काळ आहे, आणि या तीन महिन्यांत मला तिची जी साथ मिळाली तिच्यामुळेच मी हे लिहायला बसलो. पाणी ८ ते १२ अंश सेल्सिअसवर आले की हेरिंग आणि शॅड खाड्यांच्या आतल्या भागात शिरतात आणि स्ट्रायपर त्यांच्यामागे जातात. या थंडीत मासा अन्नामागे लांब धावत नाही. रबरी आमिषाचे वल्ह्यासारखे चपटे शेपूट हलण्यासाठी त्याला वेग द्यावा लागतो. केसांना वेग लागत नाही, ते जवळजवळ थांबलेल्या जिगवरही श्वास घेतल्यासारखे मिटतात आणि उमलतात. मासे कुठे आहेत हे सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, आधी कुरव पक्षी सांगतात. पाण्यावर घिरट्या घालून ते एका जागी सूर मारू लागले की खाली कोणीतरी शॅडना वर रेटत आहे, हे नक्की समजावे. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले लून पक्षीही खाडीत जिथे पुन्हा पुन्हा बुडी मारतात तिथे खाद्यमासे असतातच.

डिसेंबरमधल्या एका सकाळी बॉल्ड रिज खाडीत आम्हाला सोनारवर बावीस ते सव्वीस फुटांवर माशांच्या कमानी दिसत होत्या. माझ्या जिगच्या डोक्यावर ‘१.८’ लिहिलेले होते, म्हणजे ती सेकंदाला पावणेदोन फुटांपेक्षा थोडी जास्त खाली जाते. मी जिग लांब टाकली, दोरा मोकळा ठेवून बारा आकडे मोजले आणि मग रीळचे हँडल अत्यंत सावकाश, दोन सेकंदांना एक वळसा या गतीने फिरवले. तिसऱ्या फेकीला दोऱ्यात फक्त जडपणा जाणवला, जसा ओल्या पानात अडकल्यावर जाणवतो. थंड पाण्यातली स्ट्रायपरची पकड बहुधा अशीच असते. मी दांडी झटक्याने न उचलता रीळ फिरवत राहिलो आणि वजन आल्यावर बाजूला खेचली. तो मासा सव्वीस इंचांचा होता. त्या सकाळी आम्हाला चार मासे मिळाले, चारही बारा ते चौदा आकड्यांच्या मोजणीवर. सोबत्याने त्याच ठिकाणी दुकानातली दाट केसांची जिग तेवढेच आकडे मोजून टाकली तेव्हा त्याला एकही पकड जाणवली नाही. मग मी त्याला वीस आकडे मोजायला सांगितले आणि दुसऱ्याच फेकीला त्यालाही मासा लागला. दाट जिगने मासा मिळतच नाही असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ती किती खोल गेली आहे हे माहीत नसणे, हा खरा दोष आहे.

रंगांबद्दल मी बरेच प्रयोग केले आणि त्यातून फारसे हाती लागले नाही. स्वच्छ पाण्यात पांढरा, पावसानंतर गढूळलेल्या पाण्यात पांढऱ्यावर थोडा पिवळसर हिरवा, आणि ढगाळ दिवशी पाठीवर राखाडी, एवढ्यावर माझे काम चालते. जिगमागे मऊ प्लास्टिकचे शेपूट लावावे की नाही यावर लोक खूप चर्चा करतात. माझा अनुभव असा की थंड पाण्यात ते काढून टाकावे, कारण ते केसांची हालचाल दाबते. पाणी १५ अंशांच्या वर गेले की लावायला हरकत नाही.

एप्रिल आणि मे महिन्यांत हेरिंग खडकाळ टोकांवर अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, आणि पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात स्ट्रायपर त्यांच्यावर तुटून पडतात. या दिवसांत पाव औंसाची अगदी विरळ जिग पृष्ठभागाच्या खालून ओढली की चालते, पण मोकळेपणाने सांगायचे तर या काळात पाण्यावर तरंगणारी आमिषे बकटेलपेक्षा सरस ठरली. जिवंत हेरिंग वापरणारे लोक तर वर्षभर आमच्यापेक्षा जास्त मासे धरतात. बकटेल हे या तळ्यातले सर्वांत फलदायी साधन आहे, असा दावा मी करणार नाही.

जूनमध्ये पृष्ठभागाचे पाणी तापले आणि मासे खाली सरकले. या माशाला थंड आणि प्राणवायूयुक्त पाणी लागते, आणि उन्हाळ्यात असे पाणी खोलीवरच्या एका पट्ट्यातच उरते. तिथे पोहोचण्यासाठी इथले जुने जाणकार शिशाचा गाभा असलेला दोरा वापरतात. त्याचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो, आणि दोन औंसांची बकटेल लावून सात रंग सोडले की ती साधारण पंचवीस ते तीस फुटांवरून, धरण भरले तेव्हा पाण्याखाली उभ्याच राहिलेल्या झाडांच्या माथ्यावरून फिरते. मी हे चार फेऱ्यांत करून पाहिले, मासे मिळाले, पण मी ते थांबवले. खोल थंड पाण्यातून तापलेल्या पृष्ठभागावर ओढून आणलेला स्ट्रायपर सोडून दिला तरी बऱ्याचदा जगत नाही. एक मासा माझ्या हातून सुटल्यावर सरळ पोहू शकला नाही आणि होडीमागे पोट वर करून तरंगत राहिला. ते दृश्य मी विसरू शकलो नाही. जॉर्जियात स्ट्राइप्ड बास, व्हाइट बास आणि त्यांची संकर जात मिळून दिवसाला पंधरा मासे ठेवता येतात आणि त्यांत बावीस इंच किंवा त्याहून लांब दोनच असू शकतात. उन्हाळ्यासाठी मी स्वतःचा नियम असा केला आहे की पहिले दोन खाण्याजोगे मासे ठेवायचे आणि होडी धक्क्याला लावायची.

टिकाऊपणाचा हिशेब थोडक्यात सांगतो. इपॉक्सीचा थर नीट दिलेल्या जिगने पंधरा-वीस मासे सोसले; दोरा उघडा ठेवलेल्या जिग तीन-चार माशांत सुटल्या. व्हाइस, बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन), दोरा, दोन शेपट्या आणि पन्नास डोकी मिळून पहिला खर्च सव्वाशे डॉलरच्या आसपास आला, आणि झाडांत व खडकांत हरवलेल्या जिग धरल्या तर विकतच्या तुलनेत तो अजून पुरता भरून निघालेला नाही. शेपट्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात, कारण त्यांना कसर लागते. प्रत्येक फेरीनंतर जिग उघड्यावर वाळवाव्यात. ओल्याच बंद पेटीत ठेवल्याने माझ्या सहा गळांना गंज चढला.

हिवाळ्यात ज्या लून पक्ष्यांच्या मागे जाऊन आम्ही मासे शोधले, त्यांच्याविषयी वाचताना मला समजले की तुटून पडलेल्या शिशाच्या जिग हे पक्षी गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. न्यू हॅम्पशर राज्यात एक औंसापर्यंतच्या शिशाच्या जिग वापरायला याच कारणाने बंदी आहे. जॉर्जियात अशी बंदी नाही, तरीही खाडीत टाकायच्या हलक्या जिगसाठी मी जूनमध्ये कथलाची डोकी मागवली. कथील शिशापेक्षा बरेच हलके असते. त्याच आकाराचे डोके १४ ग्रॅमऐवजी ९ ग्रॅमच्या आसपास भरते. पहिल्या जिगवर मी सवयीप्रमाणे सहा बटा बांधल्या आणि धक्क्यावर मोजले तर वीस फुटांना एकोणीस सेकंद लागले. दोन बटा कमी केल्यावर सोळा. काल रात्री बाजूच्या बटाही काढून फक्त वर एक आणि खाली एक ठेवली आहे. इपॉक्सी वाळली की शनिवारी पुन्हा मोजायला जाईन.